रात्रपाळी

मुलगा पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला,
जेल रोडच्या दोन खोल्यांत.
गेम खेळायला घेतलेला, महागाचा,
आत तीन पंखे आणि उगाचच निळे दिवे.
वर्षभर त्यावर मी फक्त गॅसचा नंबर लावला
आणि एकदा हयातीचा दाखला काढायला गेलो
तर म्हणाला, बोटांचे ठसे जुळत नाहीत.
बरोबर आहे. बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये कागद चाळले,
ठसे तिथेच झिजले असणार.

खालच्या मजल्यावरची सायमा बी.फार्म.ला आहे.
म्हणाली, काका, हा नुसता बसून असतो,
कामाला लावू या का याला?
मी म्हटलं, पगार?
नाही.
मग ओव्हरटाइम तरी?
हसली, आणि अर्ध्या तासात काहीतरी बसवून दिलं.

तिनं सांगितलं त्यातलं मला समजलं ते एवढं:
शरीरात लांबच लांब धागे असतात,
तयार होता होताच त्यांची घडी पडते,
कुणी न शिकवता.
कधी एखादी चुकते.
चुकलेली घडी शेजारच्या घडीला बिघडवते,
आणि एक दिवस माणूस
चहात साखर घातली की नाही ते विसरतं,
पुढे, साखर म्हणजे काय ते.
ही घडी नेमकी कुठं मुडपते त्याचं गणित
एका यंत्राच्या जन्मात सुटायचं नाही,
म्हणून तुकडे करून घरोघर वाटतात.
ज्याचं यंत्र रिकामं, त्यानं एक तुकडा घ्यायचा,
सोडवायचा, परत पाठवायचा.
म्हणजे पापड लाटायला देतात तसं, मी म्हटलं.
तसंच, ती म्हणाली.

आतल्या खोलीत कुमुद टॉवेलची घडी घालत होती.
घालत होती, उलगडत होती.
सायमानं तिकडं पाहिलं नाही. चांगली मुलगी आहे.

तर आता रात्री दहाला मी ड्यूटी लावतो.
पंखे घोंघावतात. पडद्यावर चार टक्के. नऊ टक्के.
काय सोडवलं जातंय ते मला कळत नाही.
प्रेसमध्ये तरी कुठं कळायचं?
कोट्यवधी रुपये हाताखालून गेले, कुणाकुणाच्या खिशांकडे,
आणि सुटताना गेटवर झडती.
रिकाम्या हातानं बाहेर पडणं, हीच नोकरी होती.

बुधवारी लाइट गेली, एकाहत्तर टक्क्यांवर.
मी जिना उतरून सायमाचं दार वाजवलं, रात्री अकराला.
अहो काका, तो मधेमधे खूण करून ठेवतो,
लाइट आली की खुणेपासून पुढं उचलतो.
वर आलो. मेणबत्ती घेऊन आत पाहिलं.
कुमुद जागीच होती.
मला म्हणाली, तुम्ही कुणाकडे आलात?

बिल तीनशे ऐंशीनं वाढलं.
मुलाचा फोन: बाबा, आईला काय उपयोग त्याचा?
काही नाही, म्हटलं.
वीस वर्षांनी कुणाला तरी होईल. नाहीही होणार.
वाया गेलेले कागदसुद्धा आम्ही मोजायचो,
बाजूला काढून, सहीनिशी.

जानेवारीत निफाडचा पारा चारावर उतरला,
इथेही फरशीवर पाय ठरेना.
तेव्हा लक्षात आलं, डब्याच्या मागून ऊन वारा येतो.
रात्री तिचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून
खुर्ची त्या वाऱ्यापुढं सरकवली.
पहाटे तिच्या हातात दिला.
तिनं गालाला लावला.
कुणी केली इस्त्री?
रात्रपाळीवाल्यानं, मी म्हटलं.

मग तिनं घडी घातली.
काठाला काठ लागला नाही, एक कोपरा बाहेर राहिला.
मांडीवर ठेवली, वर दोन्ही हात ठेवले,
आणि बराच वेळ उलगडली नाही.

बाहेरच्या खोलीत शंभर झाले होते.
नवा तुकडा आला होता. शून्य टक्के.
मी चहा टाकायला गेलो.